ट्रकमधील बदल आणि डिझेलचा हिशेब

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ट्रक कारखान्यातून जसा बाहेर पडतो तसा तो फार दिवस राहत नाही. कोणी मोठे टायर बसवतो, कोणी पाटे वाढवून गाडी उंच करतो, कोणी केबिनच्या टपावर कॅरिअर आणि दिव्यांची रांग चढवतो, कोणी पुढे जाड लोखंडी बंपर लावतो, तर कोणी इंजिनाच्या संगणकातली मांडणीच बदलून घेतो. यातले काही बदल कामाच्या गरजेतून होतात, काही हौसेपोटी, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या बदलांनंतर गाडीच्या ॲव्हरेजबद्दल जे बोलले जाते त्याविषयी. ते बहुतेक वेळा ऐकीव असते, मोजलेले नसते, आणि त्या न मोजलेल्या आकड्यांच्या आधारावर पैशांचे आणि माणसांचेही निर्णय घेतले जातात. गेली बावीस वर्षे मी मालवाहू ट्रकांच्या डिझेलचा हिशेब ठेवण्याचे काम करतो. त्या अनुभवातून आणि त्यामागचे शास्त्र समजून घेण्याच्या खटपटीतून जे कळले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. चांगल्या अवस्थेतले आधुनिक डिझेल इंजिन त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लावते आणि उरलेली धुराड्यातून व रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. जी कामाला लागते तिचे वाटेकरी ठरलेले आहेत : समोरची हवा, टायरचे रस्त्यावर लोळणे, चढ चढणे, ब्रेक लावताना वाया जाणारा वेग, आणि पंखा, कॉम्प्रेसर, अल्टरनेटर यांसारखी जोडयंत्रे. ट्रकमध्ये केलेला कोणताही बदल या वाटेकऱ्यांपैकी कोणाचा वाटा वाढवतो आणि कोणाचा कमी करतो, एवढे विचारले तरी अर्धे उत्तर गाडीला हात लावण्यापूर्वीच मिळते.

उदाहरणादाखल पंचवीस टन एकूण वजनाचा, चौकोनी बॉडीचा ट्रक घेऊ. चांगल्या रेडियल टायरवर सपाट रस्त्याने जाताना लोळण्याचा विरोध वजनाच्या हजारी सातच्या आसपास धरला, तर टायर या ट्रकला सुमारे १७५ किलोच्या ओढ्याने मागे खेचतात. हवेचा विरोध ताशी ६० किलोमीटरला साधारण १०७ किलो येतो, आणि वेग ८० झाला की तोच १९० किलोवर जातो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आता हाच ट्रक माल उतरवून नऊ टनांचा झाला, तर टायरचा ओढा ६३ किलोवर येतो, पण हवेला तो रिकामा आहे हे कळत नाही. ८० च्या वेगाला तिचे १९० किलो तसेच राहतात. म्हणजे रिकाम्या धावेत चारातला तीन भाग जोर हवेशी झुंजण्यात जातो आणि भरलेल्या गाडीत, कमी वेगाला, टायरची बाजू जड होते. एकाच बदलाने एका मालकाला फायदा झाला आणि दुसऱ्याला तोटा, असे दोघेही छातीठोकपणे सांगतात तेव्हा अनेकदा दोघेही खरे बोलत असतात. एकाची गाडी महामार्गावर हलका माल घेऊन वेगाने जाते आणि दुसऱ्याची खाणीतून जड माल घेऊन हळूहळू बाहेर पडते, एवढाच फरक असतो.

हवेच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान त्या वस्तू करतात ज्यांच्याकडे कोणी वस्तू म्हणून पाहतच नाही. टपावरचे रिकामे कॅरिअर, भोंगे, दिव्यांची पट्टी, काचेवरचा रुंद छज्जा, बाहेर आलेले आरसे, ढिली बांधलेली आणि वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री, यांतली प्रत्येक गोष्ट हवेचा प्रवाह तोडते. लहान गाड्यांच्या बाबतीत अमेरिकी सरकारच्या ऊर्जा विभागाने याचे आकडे दिले आहेत : टपावर सामानाची मोठी पेटी बसवली तर शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि त्याहून अधिक वेगाच्या रस्त्यांवर १० ते २५ टक्क्यांपर्यंत ॲव्हरेज घटते. मोठ्या ट्रकवर एवढा फरक दिसणार नाही, कारण तो मुळातच चौकोनी आणि मोठा असतो. पण वाढ कोणत्या दिशेने होते हे त्यावरून स्पष्ट दिसते.

याच्या उलट, हवेच्या वाटेत शहाणपणाने केलेला बदल किती देऊ शकतो याचाही पुरावा जुना आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर नासाच्या कॅलिफोर्नियातील ड्रायडन केंद्रातील अभियंत्यांनी एका व्हॅनवर ॲल्युमिनियमचे पत्रे लावून तिला खोक्याचा आकार दिला आणि मग एकेक कडा गोल करत विरोध मोजला. पुढच्या-मागच्या उभ्या कडा गोल केल्यावर हवेचा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी आणि आडव्याही गोल केल्यावर सुमारे ५४ टक्क्यांनी घटला. त्यासाठी आतली जागा मात्र जेमतेम तीन टक्के गमवावी लागली. आज लांब पल्ल्याच्या ट्रकांच्या केबिनवर जे तिरके आवरण दिसते, ज्याला आपण डिफ्लेक्टर म्हणतो, त्याच्या मागे हाच विचार आहे. केबिनपेक्षा उंच असलेल्या बॉडीच्या सपाट तोंडावर हवा धडकू नये, ती वरून सरकून जावी, एवढेच त्याचे काम. म्हणूनच ज्या ट्रकच्या हौद्यातला माल केबिनच्या उंचीच्या खालीच राहतो, त्याच्या टपावर डिफ्लेक्टर लावणे म्हणजे हवेसमोर आणखी एक भिंत उभी करणे आहे. तो कोनही गाडीच्या उंचीप्रमाणे जुळवावा लागतो. एका गाडीवरून काढून दुसऱ्या गाडीवर जसाच्या तसा ठोकलेला डिफ्लेक्टर मी पाहिला आहे आणि त्याचे पैसे वाया गेलेलेही पाहिले आहेत. लांब ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना चाकांमधली पोकळी झाकणारे पडदे, केबिन आणि ट्रेलर यांच्यातली फट कमी करणे, उघड्या रिकाम्या हौद्यावर ताडपत्री ताणून बांधणे, हे बदल दिसायला सामान्य असले तरी सतत वेगाने धावणाऱ्या गाडीला काही टक्के परत देतात.

फाळक्याबद्दलचा एक समज इथेच दूर करायला हवा. पिकअप गाडीचा मागचा फाळका पाडून चालवला तर हवा आरपार निघून जाते आणि डिझेल वाचते, असे अनेक चालक मनापासून मानतात. प्रत्यक्षात फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा स्थिरावतो आणि केबिनवरून आलेला प्रवाह त्या भोवऱ्याच्या पाठीवरून निसटून जातो. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो. त्यामुळे विरोध कमी होईलच असे नाही, अनेकदा तो वाढतो. मालही सांडतो, हे वेगळेच.

आता टायर. माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत आणि सगळ्यात जास्त अन्यायही इथेच होतो. टायर मोठा केला की तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात. पहिली, गाडी उंचावते आणि हवेसमोरचे तिचे तोंड व पोटाखालची पोकळी वाढते. दुसरी, चाक जड होते, आणि परिघावरचे वजन वेग घेताना जवळजवळ दुपटीने जाणवते, कारण ते नुसते पुढे न्यायचे नसते, फिरवायचेही असते. सारखे थांबत-निघत जाणाऱ्या गाडीला ही किंमत प्रत्येक सिग्नलला मोजावी लागते. चिखलासाठीच्या खोल, मोकळ्या नक्षीचे टायर असतील तर रबराचे ते ठोकळे दर फेऱ्याला वाकतात आणि लोळण्याचा विरोध आणखी वाढतो. तिसरी गोष्ट म्हणजे गिअरचे गणित बदलते. चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरला डिफरन्शियल म्हणतात, आणि चाकाच्या एका फेऱ्यासाठी त्याच्याकडे येणारा दांडा किती फेरे घेतो ते त्याचा आकडा सांगतो. ३१ इंची टायर काढून ३५ इंची लावला आणि डिफरन्शियल ३.७३ चेच ठेवले, तर ते प्रत्यक्षात ३.३० असल्यासारखे वागते. सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी होतात म्हणून सुरुवातीला बरे वाटते, पण चढाला किंवा भरलेल्या गाडीला इंजिन दमते, चालक खालच्या गिअरमध्ये येतो आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. डिफरन्शियल ४.१० चे केले तर गाडी पूर्वीच्या स्वभावाच्या जवळ येते, परंतु तो खर्च टायरच्या खर्चात धरलेला नसतो.

यात चौथी एक गोष्ट आहे जिचा इंधनाशी संबंध नाही, पण इंधनाच्या हिशेबाशी पुरेपूर आहे. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. वरच्या उदाहरणात प्रत्येक फेऱ्याला गाडी सुमारे तेरा टक्के जास्त अंतर जाते आणि ओडोमीटर मात्र पूर्वीइतकेच लिहितो. काहीही न बिघडता वहीत ॲव्हरेज अकरा टक्क्यांहून जास्त उतरलेले दिसते. वहीत पंधरा टक्के घट दिसत असेल तर खरी घट चार टक्के असते. उलटही होते : व्यासाने लहान टायर लावले की गाडी न चाललेले किलोमीटर वहीत चढतात आणि बचत झाल्याचा भास होतो.

मी जिथे काम करत होतो तिथे एका ट्रकला असेच मोठ्या व्यासाचे टायर बसवले गेले. पुढच्या दोन महिन्यांत वहीत ॲव्हरेज उतरले आणि मालकांनी चालकावर डिझेल विकल्याचा आरोप ठेवला. ते आकडे मीच काढून दिले होते. ओडोमीटरची दुरुस्ती करायला हवी हे तेव्हा मला ठाऊक नव्हते, आणि ते मला ठाऊक असायला हवे होते. त्या माणसाच्या पगारातून रक्कम कापली गेली आणि तो काम सोडून गेला. पुढे जीपीएसचे अंतर आणि ओडोमीटरचे अंतर शेजारी शेजारी मांडले तेव्हा जवळजवळ सगळी तूट त्यात निघाली. हे मी आज जाहीरपणे लिहितो आहे कारण अशी कापाकापी आजही होत असणार, आणि ज्याच्यावर ती होते त्याच्या हातात स्वतःचा बचाव करण्याइतके गणित बहुधा नसते.

टायर बदलल्यावर आणखी एक फसगत होते. झिजलेल्या टायरमध्ये वाकणारे रबर कमी उरते, त्यामुळे तो नव्या टायरपेक्षा हलका लोळतो. नवा संच चढवला की ॲव्हरेज थोडे उतरतेच, आणि दोष नव्या कंपनीला दिला जातो. तुलना करायची तर नव्याची नव्याशी करावी. आणि टायर कोणताही असो, हवा बरोबर नसेल तर बाकीची सगळी चर्चा फोल आहे. लहान गाड्यांसाठी सांगितला जाणारा ढोबळ नियम असा की चारही टायरमधला दाब सरासरी एक पीएसआयने उतरला की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण दहा-पंधरा पीएसआय कमी हवेवर वर्षानुवर्षे धावणारे ट्रक काही दुर्मिळ नाहीत.

वाढीव वजनाबद्दल थोडक्यात लिहितो. पंचवीस टनांच्या ट्रकवर अडीचशे किलोचे लोखंड वाढवले तर सपाट महामार्गावर डिझेलमध्ये अर्धा टक्क्याच्या आसपास फरक पडेल, आणि तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. खरा तोटा वेगळ्याच जागी आहे. गाडी मर्यादेइतकी भरली जात असेल तर ते अडीचशे किलो मालातून वजा होतात, आणि प्रत्येक खेपेला तेवढा माल मागे राहतो. म्हणून मालवाहू गाडीचे मोजमाप नुसते लिटरला किती किलोमीटर असे न करता एक टन माल एक किलोमीटर नेण्यास किती डिझेल लागले, असे करावे. आपल्या नेहमीच्या पद्धतीत दुसरीही एक अडचण आहे. तीनवरून साडेतीनवर आलेल्या ट्रकने शंभर किलोमीटरमागे ४.७६ लिटर वाचवलेले असतात, आणि दहावरून साडेदहावर गेलेल्या छोट्या गाडीने अर्ध्या लिटरहूनही कमी. दोघेही ‘अर्ध्याने ॲव्हरेज वाढले’ असेच सांगतात, बचतीत मात्र दहापटीचे अंतर असते.

इंजिनाकडे वळले की दाव्यांचा आवाज वाढतो. इंधनाच्या नळीवरचे चुंबक, हवेच्या वाटेत बसवायची पंख्यासारखी पाती, टाकीत टाकायच्या गोळ्या, ‘संपूर्ण ज्वलन’ घडवून वीस टक्के बचत करणारी पेटी, या सगळ्यांना एक साधा प्रश्न पुरेसा आहे. सुस्थितीतल्या डिझेल इंजिनात न जळता वाया जाणारे इंधन जेमतेम एक-दोन टक्के असते. मग ते सगळे जाळले तरी वीस टक्के येणार कुठून? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आणि त्यांत ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही सापडले नाही. एअर फिल्टरबद्दलही हेच. तिथल्याच ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये आधुनिक, संगणकनियंत्रित इंजिनांच्या पेट्रोल मोटारींवर चाचण्या केल्या, तेव्हा फिल्टर बराच चोंदला तरी ॲव्हरेज घटत नाही, गाडीचा उठाव मात्र कमी होतो, असे दिसले. फिल्टर वेळेवर बदलावाच. पण महाग फिल्टर घेऊन डिझेल वाचेल अशी अपेक्षा ठेवू नये.

इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवता येते, हे खरे आहे. त्या ताकदीचा उपयोग चालकाने केला नाही तरच डिझेल वाचते, आणि विकत घेतलेली ताकद न वापरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्याहून गंभीर म्हणजे धुराची काजळी अडवणारा फिल्टर काढून टाकण्याचा प्रकार. त्याने धूर बाहेर पडताना इंजिनावर येणारा उलटा दाब थोडा कमी होतो आणि फिल्टर जाळून साफ करायला लागणारे इंधनही वाचते. ही बचत खरी आहे, छोटी आहे, आणि तरीही ती घेऊ नये असे मी स्पष्टपणे म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तो धूर सर्वांत आधी चालकाच्या, क्लीनरच्या आणि गाडीखाली काम करणाऱ्या फिटरच्या फुप्फुसात जातो.

मग बदलाचा परिणाम मोजायचा कसा? एक टाकी भरून, एक फेरी मारून, दोन आकड्यांचा भागाकार करून काहीही सिद्ध होत नाही. हवा चाळीस अंशांवरून दहा अंशांवर आली की ती सुमारे दहा टक्के दाट होते आणि तेवढाच तिचा विरोध वाढतो. डिझेलचे आकारमानही दहा अंशांच्या फरकाने जवळजवळ पाऊण टक्का बदलते. थंडीच्या शेवटी बसवलेल्या एका डिफ्लेक्टरचे श्रेय मी स्वतः उन्हाळा संपेपर्यंत सांगत होतो, आणि मागच्या वर्षांच्या वह्या उलटल्यावर दिसले की त्या महिन्यांत प्रत्येक गाडीचे ॲव्हरेज दरवर्षीच सुधारते. या सगळ्यावर उपाय म्हणून अभियंते जी पद्धत वापरतात ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या, जे१३२१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत दोन सारखे ट्रक एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, सारखे वजन घेऊन धावतात; बदल फक्त एकात केलेला असतो आणि दुसऱ्याच्या तुलनेत त्याचे डिझेल किती बदलले हे पाहिले जाते. डिझेल लिटरने न मोजता टाकी काढून वजन केले जाते. ज्याच्याकडे दोन-चार गाड्या आहेत त्याने वजनाचा काटेकोरपणा सोडला तरी ही जोडीची युक्ती वापरावी : एक गाडी बदलावी, एक तशीच ठेवावी, काही हजार किलोमीटर दोन्हींची नोंद घ्यावी, मधे चालकांची अदलाबदल करावी, आणि अंतर ओडोमीटरऐवजी जीपीएसवरून घ्यावे. नवे साहित्य बसवले की चालकही काही दिवस जपून चालवतो, आणि ती बचत साहित्याच्या नावावर चढते. अदलाबदलीने तीही उघडी पडते. बदलापूर्वीची नोंद नसेल, तर बदलानंतरच्या नोंदीला अर्थ नाही.

वेगाबद्दल आणि उभ्या गाडीबद्दल एवढेच सांगतो की मोठ्या ट्रकचे इंजिन उभ्या जागी चालू राहिले तर तासाला सुमारे तीन लिटर डिझेल जाते, आणि ८० ऐवजी ७० च्या वेगाने गेले तर हवेचा विरोध जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटतो. यासाठी गाडीला एकही वस्तू जोडावी लागत नाही.

माझी मागणी तीन ठिकाणी आहे. युरोपीय संघात २०१२ पासून टायरच्या लेबलवर इंधनाच्या दृष्टीने त्याची श्रेणी दिलेली असते. तशीच माहिती, म्हणजे वजन, उंची आणि व्यासातला फरक, ट्रकसाठी जोडसाहित्य विकणाऱ्यांनी आपल्या मालावर द्यावी. ‘इतके टक्के बचत’ असा दावा असलेली जाहिरात आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी स्वीकारताना ती बचत कोणत्या वेगाला, किती वजनावर आणि कशाच्या तुलनेत मोजली, एवढे तरी विचारावे. आणि ट्रकमालकांनी, टायरचा व्यास बदलला असेल तर, ओडोमीटरची दुरुस्ती होईपर्यंत चालकाच्या पगारातून डिझेलच्या तुटीपोटी एक रुपयाही कापू नये.

कळावे,
आपला विश्वासू,
डिझेलच्या हिशेबाचे काम करणारा एक वाचक